वाटेत दार उघडायचं नाही

पॅकिंग शेडमधल्या बायका तिला पाठीमागे 'चारबोटे बाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाव पडलं ते तिच्या एका हट्टामुळे. थंड गाडीत क्रेट रचताना क्रेट आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं जागा सुटलीच पाहिजे, गार हवा खेळायला. प्रत्येक थरामागे ती स्वतः हात घालून बघायची. हात अडला की सगळा थर खाली, मग बायकांच्या कमरा मोडोत की राहोत.

खरं सांगायचं तर बाई उगाच कटकटी नव्हती. पूर्वी ह्या घरची भाजी पोत्यांत कोंबून, पोत्यावर पोतं टाकून, वर दोन माणसं बसवून बाजाराला जायची. ओझ्याने खालचा कोबी फुटायचा, मधली कोथिंबीर उबून काळी पडायची आणि सकाळी देखणी दिसलेली भाजी दुपारी बाजारामागच्या उकिरड्यावर जायची. लग्न होऊन आल्यावर तिने तो उकिरडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती रडली होती, असं तिचा नवरा सांगे. ती मात्र हे कधी कबूल करत नसे. पण त्यानंतर तिने जी कंबर कसली ती कसलीच. पोती गेली, क्रेट आले. तोडणी उन्हाआधी होऊ लागली, भाजी गार पाण्याच्या हौदात बुडवून मगच भरली जाऊ लागली आणि शेवटी जुनी का होईना, पण थंड गाडी आली. पूर्वी शंभर क्रेटची भाजी निघाली की तिसांची वाट लागायची, आता दोन-तीन जायचे.

"तोडलेली भाजी मेलेली नसते, बायांनो," ती सांगायची. "ती श्वास घेत असते. ऊब लागली की धापा टाकते आणि लवकर म्हातारी होते. थंडीत तिला झोप लागते. आणि झोपलेली भाजी टिकते."

नवरा शेतातली तोडणी बघायचा, शेड ती बघायची आणि गाडी चालवायचा तिचा धाकटा दीर. अंगाने आडदांड, पण वहिनीसमोर मांजर. ती त्याला 'भाऊजी' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची आणि त्याच आदराने त्याची सालटी काढायची. गाडीच्या केबिनमध्ये, आतली थंडी दाखवणाऱ्या आकड्याशेजारी, तिने जाड पेनाने लिहिलेला पुठ्ठा टांगला होता. वाटेत दार उघडायचं नाही. मागून आदळआपट ऐकू आली तर गाडी हळू घ्यायची. आकडा चढला तर थंडी वाढवायची. काही अडलं तर मला फोन करायचा. ह्या चार ओळी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दीड महिन्यापूर्वी त्याने ती रेघ ओलांडली होती. क्रेट फार आदळतायत असं वाटून त्याने भर उन्हात दार उघडलं आणि दहा मिनिटं आत शिरून क्रेट सारखे केले. बाहेरची दमट हवा आत घुसली, पानांवर घाम सुटला आणि बाजारात पोचेपर्यंत निम्मी कोथिंबीर बुळबुळीत झाली. संध्याकाळी तिने त्याला सगळ्या बायकांसमोर उभं केलं.

"भाऊजी, तुमच्यापेक्षा कोबीला जास्त अक्कल आहे. तो निदान ठेवला तिथे गप्प बसतो. पुन्हा वाटेत दार उघडलंत तर चावी माझ्या हातात द्यायची आणि घरी बसायचं."

 त्याचे कान लाल झाले.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. गाडीचं दार आतून उघडायची एक कडी पूर्वी होती. क्रेट ओढताना तिच्यात अडकायचे आणि एक दिवस ती मोडूनच पडली. दीर म्हणाला, "वहिनी, बसवून घेऊ का? एक दिवस गाडी उभी राहील फक्त."

"कशाला?" ती म्हणाली. "भाज्या काय आतून दार उघडून खाली उतरणार आहेत?"

बायका पोट धरून हसल्या आणि कडीचा विषय तिथेच मिटला.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला गाडी भरून झाली. पालक, कोथिंबीर, कोबी, गाजर. ती सकाळपासून हौदावर होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, एप्रनमधून पाणी झिरपून पोट गार पडलेलं. बाहेर ऊन तापलं होतं, त्यामुळे तो गारवा तिला बरा वाटत होता. नेहमीप्रमाणे शेवटची नजर टाकायला ती गाडीत चढली. क्रेटच्या दोन रांगांमध्ये माणूस अंग तिरपं करून जाईल एवढा बोळ ठेवलेला असे. त्यातून ती पार पुढे गेली, केबिनकडच्या भिंतीपाशी, जिथे थंडीचं यंत्र वरून हवा फेकायचं. पाहते तर कुणीतरी कोथिंबिरीचे दोन क्रेट थेट यंत्राच्या तोंडाशी टेकवून ठेवलेले.

"ह्यांना शंभरदा सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी," ती पुटपुटली आणि टाचा उंचावून क्रेट खाली घेऊ लागली.

यंत्र डोक्यावरच घोंघावत होतं. त्यामुळे बाहेर कुणी हाक मारली असेल तर तिला ऐकू आली नाही. पहिला क्रेट खाली ठेवून ती दुसऱ्याकडे वळली आणि समोरच्या पानांवरचा उजेड अरुंद होत गेला. एक पट्टी राहिली. मग तीही गेली. दाराचा दट्ट्या बसल्याचा आवाज झाला, बाहेरची मोठी कडी करकरली आणि अंधार झाला.

"अहो, मी आत आहे!" ती ओरडली. आवाजात भीती नव्हती, चीड होती.

गाडी सुरू झाली.

काय झालं ते तिला तिथेच, त्या क्षणी, आरशासारखं दिसलं. तो शेडमधून पाणी पिऊन आला असेल. दार सताड उघडं आणि वहिनी दिसत नाहीत. 'दार उघडं टाकून कुठे उलथला होतात?' हे वाक्य त्याला आधीच ऐकू आलं असेल. त्याने आत न बघता घाईघाईने दार लावलं असेल आणि वहिनी शेडमधून बाहेर यायच्या आत गाडी काढली असेल. बाजारापर्यंत चार तास.



ती बोळातून धडपडत दाराकडे गेली. गाडी वळणावर होती, खांदा क्रेटवर आपटला. दारावर हात फिरवला. रबराची कड, थंड पत्रा आणि जिथे कडी होती तिथे स्क्रूची चार भोकं. त्या भोकांत तिने बोट घातलं आणि बायकांचं हसणं तिच्या कानात वाजलं. तिने दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली.

"भाऊजी! भाऊजी, थांबा! मी आत आहे!"

गाडीचा वेग कमी झाला. तिच्या जिवात जीव आला. ती आणखी जोरात बडवू लागली आणि गाडी आणखी हळू झाली. आता थांबेल, आता उतरेल, आता कडी करकरेल. ती दम खायला थांबली.

गाडीने पुन्हा वेग घेतला.

ती ओरडली, बडवलं, गाडी हळू झाली. ती थांबली, गाडी पळाली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं. मागून आदळआपट ऐकू आली तर गाडी हळू घ्यायची. तो बिचारा तिचा शब्द झेलत होता. ती जितकं बडवेल तितकी गाडी सावकाश जाणार होती आणि चार तासांचे पाच होणार होते.

ती दाराला पाठ लावून खाली बसली. तळाचा पत्रा बर्फ होता, म्हणून लगेच उठली. अंधार इतका गडद की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे तिला हात लावून बघावं लागलं. फोन वजनकाट्याच्या टेबलावर राहिला होता. 'माझ्या फोनला कुणी हात लावायचा नाही' असंही तिनेच बजावून ठेवलेलं. शेडमध्ये बायकांना वाटेल बाई शेतावर गेल्या. शेतावर नवऱ्याला वाटेल ती शेडमध्ये आहे. संध्याकाळपर्यंत कुणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. उलट ती नाही म्हणून बायका जरा पाय पसरून बसल्या असतील.

ओल्या बाह्या कातडीला चिकटल्या होत्या. तिने एप्रन काढून फेकला, डोक्याचा रुमाल सोडून गळ्याभोवती गुंडाळला. दात वाजायला लागले. चार अंश. हा आकडा तिने स्वतः ठरवलेला. पालकाला उत्तम, कोबीला उत्तम. माणसाला किती वेळ उत्तम, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

आणि मग तिला भाज्यांचा वास आला. तसा तो पहिल्यापासून होताच, हिरवा, ओला, रोजचा. पण आता तो अंगावर आला. ह्या सगळ्या श्वास घेतायत, तिच्या मनात आलं. शेकडो जुड्या, गड्डे, पानं, सगळी हळूहळू हीच हवा ओढतायत, आणि मधे मी. बंद पेटीतली हवा किती वेळ पुरते? बाहेरची हवा घेणारी खिडकी तिनेच रबर लावून बुजवून घेतली होती, थंडी जाते म्हणून. तिने जोरजोरात श्वास घेतला, मग घाबरून रोखून धरला, मग पुन्हा हावऱ्यासारखा घेतला. काळीज इतकं धडधडत होतं की तिला वाटलं, हाच आवाज केबिनमध्ये ऐकू जाईल आणि तो गाडी आणखी हळू करील. हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

रडताना तिला मुलगी आठवली. तिची शाळा दोनला सुटायची आणि ती थेट शेडमध्ये यायची. 'आई कुठे आहे?' असं विचारणारी आज पहिली तीच असणार होती. दोन वाजता. तोपर्यंत आपण कशा असू, हा विचार तिने अर्ध्यात तोडला.

काही वेळाने पुन्हा ओरडायचं ठरवून ती पुढे, केबिनकडच्या भिंतीपाशी गेली. त्या भिंतीपलीकडे, फार तर दोन हातांवर, तो बसला होता. ती भिंतीवर तोंड टेकवून ओरडली. "भाऊजी! अहो भाऊजी! वहिनी आहे मी!" घसा फाटेपर्यंत ओरडली. वरचं यंत्र तिचा आवाज तिच्या तोंडातून काढून घेत होतं.

भिंत चाचपताना तिचा हात क्रेटच्या मागे गेला. चार बोटांची फट. त्या फटीत भिंतीवर एका हुकाला बारीक स्टीलची काडी लटकत होती, वायरला जोडलेली. ती काडी आतली थंडी मोजायची आणि केबिनमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर आकडा दाखवायची. थर भिंतीला चिकटवून रचला असता तर तिथे बोटही शिरलं नसतं. तिचा दंडापर्यंत हात गेला.

तिने काडी मुठीत धरली.

किती वेळ धरली कुणास ठाऊक. मूठच इतकी गारठलेली की काडीला ऊब लागायची कशी? ती तोंड फटीजवळ नेऊन मुठीवर फुंकर घालत राहिली. आकडा तिला दिसत नव्हता. पाच झाला असेल? सहा? भाऊजी, बघा ना. एरवी बघता ना सारखे, शाळेतल्या मुलाने घड्याळ बघावं तसे. आज बघा.

वरच्या यंत्राचा आवाज एकदम बदलला. घोंघावणं वाढलं, चढलं आणि वाऱ्याचा झोत तिच्या मानेवर सुरी फिरवावी तसा आला.

आकडा चढला तर थंडी वाढवायची.

त्याने पाहिला होता आकडा. अगदी नीट पाहिला होता आणि पुठ्ठ्यावर लिहिलंय तेच केलं होतं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिलाच ओळखू आला नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथे तर आग हवी होती. तिने काडी सोडून दिली आणि क्रेटच्या आडोशाला अंग चोरून उभी राहिली. आता ती थरथरत नव्हती, गदगदा हलत होती. गुडघे एकमेकांवर आपटत होते. बोटं वाकवली की वाकत नव्हती, वाकली की सरळ होत नव्हती.

त्यानंतरचं तिला तुकड्या-तुकड्याने आठवतं. ती कोबीच्या क्रेटला टेकली होती. गाडी एका लयीत डुलत होती. थरथर कमी झाली आणि बरं वाटायला लागलं. डोळे जड झाले. जरा टेकावं, तिला वाटलं. पाच मिनिटं. सकाळी चारला उठलोय आपण. थंडीत झोप लागते.

झोपलेली भाजी टिकते.

हे वाक्य तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, शेडमधल्या त्या उंच, ठणठणीत आवाजात, आणि ती दचकून उभी राहिली. आत्ता वाटलेल्या भीतीपुढे आधीची भीती काहीच नव्हती. बाजारात दार उघडणारे हमाल तिच्या डोळ्यांसमोर आले. कोबी ताजा, पालक ताजा, एक पान दुमडलेलं नाही, आणि बोळात बाई. तिने स्वतःच्या थोबाडीत मारली. गाल बधिर होता, म्हणून परत मारली.

विचार कर. तू काय सांगितलंयस त्याला? पुठ्ठ्यावर काय आहे? आदळआपट झाली तर हळू. आकडा चढला तर थंडी. दार नाही. चौथं काय? काही अडलं तर मला फोन. मग त्याला अडायला हवं. पुठ्ठ्यात बसणार नाही असं काहीतरी त्याला दिसायला हवं.

मुलीला ताप आला की ती तिच्या काखेत ताप मोजायची काडी धरायची. एकदा ते आठवल्यावर पुढचं आपोआप सुचलं. बाहेर आज तीस अंश असेल. आतलं कितीही तापलं, यंत्र बंद पडलं तरी, तासा-दीड तासात बाहेरच्यापेक्षा जास्त होणार नाही. हे त्यालाही कळतं. पण तिच्या काखेत छत्तीस होते. नसतील छत्तीस तर चौतीस, तेहतीस असतील. यंत्र पूर्ण जोरात आणि आत तेहतीस? त्याचं उत्तर पुठ्ठ्यावर नव्हतं.

वायर आखूड होती. थराच्या कडेपर्यंतच यायची आणि ती कड नेमकी यंत्राच्या झोतात होती, गाडीतली सगळ्यात गार जागा. एवढ्या वेळ ती जिथून पळत होती तिथेच तिला उभं राहायचं होतं. तिने ओली बाही दातांनी वर ओढली, गळ्यातून हात घालून काडी काखेत खुपसली आणि दंड छातीशी घट्ट आवळला. काडीचा चटका हाडापर्यंत गेला. झोत थेट टाळूवर. ती पुटपुटत राहिली, "एक, दोन, तीन..." शंभर झाले की पुन्हा एक. मोजणं चुकलं तर झोप आली असं समजायचं आणि जीभ चावायची. जीभ तीनदा चावली.

फोन करा भाऊजी. करा. वजनकाट्याच्या टेबलावर वाजू दे. कुणी उचलणार नाही, माझ्याच धाकाने. तरी वाजू दे. मी पहिल्या घंटीला फोन उचलला नाही असं कधी झालंय?

गाडी हळू झाली. ती मोजत राहिली. आता हळू होण्यावर तिचा विश्वास नव्हता. मग गाडी एका बाजूला कलली, चाकांखाली खडी वाजली आणि डुलणं थांबलं. गाडी उभी राहिली.

तो फोन लावत असणार. वाजतोय. वाजतोय. उचलत नाहीयेत. पुन्हा लावत असणार. केबिनचं दार उघडल्याचा हादरा तिला पायांना जाणवला. तो उतरला. आता तो मागे येणार, कडीवर हात ठेवणार आणि त्याला वाक्य आठवणार. चावी माझ्या हातात द्यायची आणि घरी बसायचं. तो हात काढून घेणार. ती त्याला ओळखत होती, तिनेच त्याला असा केला होता.

उभ्या गाडीत क्रेट आदळत नाहीत.

हे लक्षात आलं तशी ती काडी टाकून दाराकडे निघाली. पाय तिचे नव्हतेच, ती क्रेट धरून धरून गेली. दाराशी मूठ उगारली तर मुठीत जोर नाही, हात पानासारखा दारावर पडला. ओरडायला गेली तर घशातून नुसता वारा. मग तिने शेजारच्या गाजरांच्या थराच्या वरच्या क्रेटला दोन्ही हातांची कोपरं लावली आणि ओढलं. क्रेट कोसळला. ती, जी एक पान दुमडलं तर दिवसभर बोलायची, तिने दुसरा ओढला, तिसरा ओढला. गाजरं दारावर धडाधडा आपटली, कोबीचे गड्डे पायांवर फुटले. ती त्यांच्यावर पडली आणि पडल्या-पडल्या टाचेने दारावर लाथा घालत राहिली.

कडी करकरली.

उजेड इतका आला की ती डोळे मिटून किंचाळली, म्हणजे किंचाळायला गेली. त्याच्याबरोबर ऊन आलं. तिच्या चेहऱ्यावर ते कुणीतरी हात फिरवावा तसं फिरलं.

"वहिनी?" तो म्हणाला. आणि मग तेच पुन्हा पुन्हा, "वहिनी? वहिनी?"

त्याने तिला भाजीची जुडी उचलावी तशी उचलली आणि रस्त्याकडेच्या तापल्या दगडावर बसवलं. केबिनमधली चादर आणली, स्वतःचा शर्ट काढून तिच्या पायांना गुंडाळला, थर्मासमधला चहा तिच्या तोंडाशी धरला. निम्मा हनुवटीवर सांडला. तो तिचे तळवे चोळत राहिला.

"आकडा एकतीस दाखवायला लागला," तो सांगत सुटला. "मला वाटलं यंत्र बिघडलं. तुम्हाला फोन केला. चार वेळा केला. तुम्ही उचलला नाहीत. तुम्ही फोन उचलत नाही असं होईल का? उतरलो. मागे आलो. तरी दार उघडवेना, वहिनी. हात कडीवर, आणि उघडवेना. मग आत काहीतरी कोसळलं, उभ्या गाडीत."

तिने मान हलवली. दात अजून वाजत होते.

"तुम्ही ओरडला असाल ना?" त्याने विचारलं. "आत. ओरडला असाल."

तिने पुन्हा मान हलवली.

तो तळवे चोळायचा थांबला. एवढा मोठा बाप्या, बनियनवर, भर उन्हात, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"ऐकू आलं होतं मला," तो म्हणाला. "भाऊजी, भाऊजी असं. दोन-तीनदा. पण वहिनी, गाडी चालवताना तुमचा आवाज मला रोजच ऐकू येतो. क्रेट आपटला की येतो, ब्रेक दाबला की येतो. मला वाटलं, तोच आहे."

तिने चादर दोन्ही कोपरांनी अंगाशी ओढली. तिला एवढंच कळलं की आतमध्ये वाटली त्यापेक्षा मोठी भीती तिला आत्ता, ह्या उन्हात वाटतेय, आणि ह्या भीतीला चादर पुरणार नाही.

मागचं दार सताड उघडं होतं. थंडी वाफेसारखी लोळत बाहेर येत होती आणि रस्त्यावर नाहीशी होत होती. दाराजवळची कोथिंबीर आत्ताच मान टाकायला लागली होती. काही गाजरं गडगडत रस्त्याच्या कडेला गेली होती.

त्याने दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे. उठला, मागे गेला, कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबला.

"वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "उघडं राहिलंय. लावू का?"

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज फुटका निघाला. "राहू द्या उघडं. या इकडे, बसा."

तो आला नाही. कडीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला, ती खरंच तसं म्हणाली का, ह्याची त्याला खात्री नव्हती.